द्राक्षाचा माग लागतो, पैशाचा लागत नाही: दिंडोरीकडच्या एका हिशोबपट्टीचं प्रकरण

सप्टेंबर २०२२. एका शेतकरी उत्पादक कंपनीची वार्षिक सभा. मी तिथे नव्हतो, पण कुणीतरी मोबाईलवर केलेलं चित्रण मला पुढे दाखवलं गेलं. पन्नाशीचा एक बागायतदार उभा राहतो, खिशातून तीन कागद काढतो आणि व्यासपीठासमोर नाचवतो. "हा गेटावरचा काटा. ही पॅकिंगची चिठ्ठी. अन् ही तुमची हिशोबपट्टी. तिघींचं एकमेकींशी जमत नाही. माल दिला मार्चात, पैसे आले जूनच्या शेवटाला. पिंपळगावचा व्यापारी संध्याकाळी रोख टेकवतो." मागून कुणीतरी ओरडतं, "अन् पळून गेला की?" हशा होतो. माल उचलून व्यापारी परागंदा होण्याचे प्रकार नाशिक जिल्ह्याला नवे नाहीत. पण हशा ओसरल्यावर टाळ्या पडतात, आणि त्या या तीन कागदवाल्यालाच पडतात.

कंपनीचं नाव सांगत नाही. दिंडोरी तालुका म्हटलं की मोहाडीची सह्याद्री फार्म्स डोळ्यापुढे येते; ही ती नव्हे. ही तिच्या मानाने पिटुकली: चारशेच्या आतबाहेर सभासद, एक पॅकहाऊस, निर्यातीचा माल युरोपात आणि उरलेला देशी बाजारात. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने उत्पादक कंपनी हा प्रकार आला, त्यातलीच एक. मालक शेतकरी, संचालक शेतकरी, आणि तक्रारदारही शेतकरीच. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे ते आडवं येतं.

मला बोलावलं मे २०२३ मध्ये. नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या एका कारखान्यात चौदा वर्षं गुणवत्ता विभागात काढून मी स्वतंत्र सल्लागारी सुरू केली होती. द्राक्षातलं मला खाण्यापलीकडे काही कळत नव्हतं. चेअरमन म्हणाले, "आमच्याकडे प्रोसेस नावाची गोष्टच नाही. माणसं पाळतच नाहीत."

दुसऱ्या दिवशी पॅकहाऊस पाहिलं आणि हे विधान साफ खोटं असल्याचं कळलं.

निर्यातीच्या द्राक्षाइतकी काटेकोर प्रक्रिया मी वाहनांच्या सुट्या भागांतही क्वचित पाहिली आहे. बागेची कृषी खात्याकडे नोंद, प्लॉटला स्वतंत्र क्रमांक, काढणीआधी नमुना, अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाच्या, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कीडनाशकांच्या अवशेषांची तपासणी, अहवाल स्वच्छ आला तरच काढणी, मग ॲगमार्कचं प्रतवारीचं प्रमाणपत्र, मग फायटो, म्हणजे माल कीडरोगमुक्त असल्याचा दाखला, आणि हे सगळं ग्रेपनेट या मालाचा माग ठेवणाऱ्या ऑनलाइन प्रणालीवर. तोडलेला माल काही तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे झटपट थंड करायला, गेला पाहिजे, नंतर शून्य अंशाच्या आसपास. रॉटरडॅमच्या गोदामात एका पेटीत एक घड खराब निघाला तर लेबलवरून तो दिंडोरीच्या कुठल्या प्लॉटातला, हे सांगता येतं. हे आपोआप आलेलं नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत लिहोसिनचे, अवशेष युरोपात सापडले आणि आपले कंटेनर अडकले. तेव्हा तपासणीत कुणी कुचराई केली नव्हती. तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नावच नव्हतं. त्या फटक्यातून यादी वाढली, शिस्त वाढली. पॅकहाऊसमधली पोरंसुद्धा क्रेटवरची चिठ्ठी पडली तर क्रेट बाजूला काढतात, विचारत बसत नाहीत.

मग याच आवारात, पन्नास पावलांवरच्या हिशोबाच्या खोलीत, तीच कंपनी शेतकऱ्याचे पैसे मात्र एका लाल डायरीवर का चालवत होती?

कारण द्राक्षाबद्दल विचारणारा खरेदीदार होता. चिठ्ठी नसेल तर तो माल नाकारायचा. पैशाबद्दल विचारणारा होता शेतकरी, आणि त्याला नाकारता येत नव्हतं. तो फक्त पुढच्या वर्षी निम्मा माल गुपचूप व्यापाऱ्याला द्यायचा.

आधी झालेला प्रयत्न

मी पोहोचण्याआधी एक प्रयत्न होऊन गेला होता. २०२२ च्या सभेनंतर घाईने एक वर्कफ्लो सॉफ्टवेअर, म्हणजे काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणारं, घेतलं गेलं. बसवणाऱ्यांनी तीन दिवसांत सगळ्या विभागप्रमुखांशी बोलून आलेख काढला. आडवे पट्टे, चौकोन, शंकरपाळ्यांसारखे निर्णय, सगळं बीपीएमएन या प्रमाण चिन्हांत. त्याची सहा फुटी प्रत प्लॅस्टिकमध्ये मढवून मीटिंग रूममध्ये लावली. अजूनही आहे. दिसायला देखणी आहे.

त्या आलेखात पट्टी मंजूर व्हायला नऊ टप्पे होते. विभागप्रमुखांना विचारलं की "तुमची मान्यता लागते का?", तर कोण नाही म्हणेल? एकदा पुढे गेलेली पट्टी मागे आणायची सोय नव्हती. हंगाम जानेवारीत सुरू झाला, फेब्रुवारीत रोजच्या पट्ट्यांचा ओघ लागला, आणि मार्चच्या मध्यात हिशोबनीस काकांनी लाल डायरी परत उघडली. एप्रिलमध्ये दोन्ही चालू होतं: काम डायरीत, आणि मग रात्री बसून तेच सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. म्हणजे उशीर कमी व्हायच्या ऐवजी एक काम वाढलं.

चेअरमनांचा सगळा राग काकांवर होता. खरं सांगतो, पहिला आठवडा माझाही. वीस वर्षं एका खुर्चीवर बसलेला माणूस, कुणाला डायरी दाखवत नाही, संगणकाला "डबा" म्हणतो. प्रत्येक संस्थेत असा एक असतो आणि सल्लागाराला तो आयता सापडतो.

तीस पट्ट्यांची भिंत

मी आलेख काढला नाही. नुकत्याच संपलेल्या हंगामातल्या तीस पट्ट्या मागितल्या, कुठल्याही, डोळे मिटून उचललेल्या. प्रत्येकीच्या मागे लागून तारखा गोळा केल्या: काटा कधी झाला, पॅकिंग कधी, कंटेनर कधी हलला, खरेदीदाराचा विक्रीचा हिशोब कधी आला, लोकलचा, म्हणजे देशी बाजारातल्या मालाचा, भाव कधी लागला, सही कधी, बँकेत कधी. कोल्ड स्टोअरमागच्या भिंतीवर प्रत्येकीचा एक, असे कागदाचे तीस आडवे पट्टे चिकटवले. काम चालू असलेले दिवस हिरवे, पडून राहिलेले पांढरे.

भिंत जवळजवळ पांढरी झाली.

निम्म्या पट्ट्यांना काढणीपासून पैसे मिळेपर्यंत ६८ दिवसांहून जास्त लागले होते. त्यातले साधारण चाळीस दिवस जहाज आणि खरेदीदाराचे. त्यावर दिंडोरीत बसून काही करता येत नव्हतं. उरलेले चार आठवडे मात्र पट्टी आपल्याच आवारात कुठल्यातरी टेबलावर झोपलेली. काकांशेजारी घड्याळ लावून बसलो तेव्हा एका पट्टीचं प्रत्यक्ष काम निघालं चाळीस मिनिटांचं.

इथे एक जुनं गणित कामाला आलं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं: रांगेत किती जण आहेत, तर रोज किती येतात गुणिले प्रत्येकजण सरासरी किती दिवस थांबतो. हंगामात रोज दहा पट्ट्या, प्रत्येकी साधारण ६८ दिवस. म्हणजे ऐन भरात कुठल्याही दिवशी जवळपास सातशे अर्धवट पट्ट्या काकांच्या डोक्यावर. सातशेतल्या एकीबद्दल फोन आला की ती शोधायची, आणि शोधण्यात बाकीच्या आणखी मागे पडायच्या. काका हळू नव्हते. ढीगच त्यांना हळू करत होता. हे गणित संचालकांना फळ्यावर करून दाखवलं तेव्हा एकजण म्हणाले, "म्हणजे माणूस वाढवून उपयोग नाही?" नाही. पडून राहण्याची कारणं तशीच असतील तर दुसरा माणूस दुसरा ढीग करतो.

आणि कारणं फार साधी निघाली. लोकल मालाचा भाव काढणीच्या चार-पाच दिवसांत ठरलेला असायचा, पण तो वहीत चढायचा महिनाअखेरीला. सही फक्त शनिवारी, कारण सहीचे संचालक शनिवारी यायचे. क्रेट परत आल्याची मोजणी कुणाचंच काम नव्हतं.

सगळ्यात महाग पडणारं कारण मात्र नावाचं होतं. पॅकहाऊस माल ओळखायचं प्लॉट क्रमांकाने. हिशोबाची खोली ओळखायची नावाने. एकाच गावात एकाच नाव-आडनावाचे तिघे सभासद, त्यात वडिलांचं नावही दोघांचं सारखं. खरेदीदाराचा हिशोब यायचा पॅलेटच्या, म्हणजे पेट्यांच्या थप्पीच्या, क्रमांकावर. मग काका पॅकहाऊसला फोन करायचे, "ही पॅलेट कुणाची?" तिथून कुणीतरी संगणकावर बघून सांगायचं, आणि काका ते डायरीत नावाने लिहायचे. युरोपातल्या ग्राहकाला प्लॉटापर्यंत पोहोचवणारी माहिती पन्नास पावलं चालून हिशोबापर्यंत पोहोचत नव्हती.

लाल डायरी

दहाव्या दिवशी काकांनी आपणहून डायरी समोर ठेवली. चहा संपला होता, लाईट गेली होती, काम ठप्प होतं, कदाचित म्हणूनच. मी सहज एक पान उघडलं.

"वडील वारले, वारस नोंद बाकी, पैसे थांबवणे." "दोघा भावांत निम्मे, पण उचल थोरल्याने घेतली आहे." "बाग निमबटाईने, वाटेकऱ्याचा हिस्सा वेगळा." "सोसायटीचा बोजा, परस्पर सोसायटीत भरणे." "क्रेट १४ कमी, टोळीवाल्याला विचारणे." "सूनबाईंच्या खात्यात, पत्र घेतले आहे."

भिंतीवरच्या तीसपैकी एकोणीस पट्ट्या या डायरीत कुठे ना कुठे होत्या. सहा फुटी आलेखात मात्र यांतल्या एकीलाही जागा नव्हती. आलेख ज्या सरळ वाटेसाठी बनवला होता, त्या वाटेने तीसांतल्या फक्त अकरा जणी जात होत्या. बाकीच्यांना काका हाताला धरून नेत होते. सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्यांनी हे सांगायचा प्रयत्न केला होता. बसवणाऱ्यांनी त्याला 'अपवाद' म्हटलं आणि "ते दुसऱ्या टप्प्यात बघू" म्हणून सोडून दिलं. दोनतृतीयांश काम दुसऱ्या टप्प्यात ढकललं गेलं होतं.

या पानांवरून मग मी दोन दिवस काकांशी वाद घातला, आणि खरा नकाशा तिथे तयार झाला. डायरीतल्या नोंदी कशाबद्दल आहेत यापेक्षा त्या कधी सुटू शकतात, असं आम्ही विचारायला लागलो. पैसे कुणाला द्यायचे हा प्रश्न, म्हणजे वारस, वाटणी, वाटेकरी, बोजा, हा ऑक्टोबरात छाटणी होते तेव्हाही तितकाच माहीत असतो. मग तो मार्चमध्ये पट्टीवर का सोडवायचा? प्लॉटची नोंद करतानाच खातं आणि हिस्से लिहून घ्यायचे, घरातल्या सगळ्यांच्या सह्या तेव्हाच. वजनाचा वाद मात्र माल समोर आहे तोवरच सुटतो. गेटावर अमुक किलो आणि पॅकिंगमध्ये तमुक, मग मधली तफावत घट आहे की पॅकिंग करताना काढून टाकलेले बारीक, तडकलेले मणी, हे दोन दिवसांनी कुणीही शपथेवर सांगू शकत नाही. म्हणून त्याला ४८ तासांची मुदत, त्यानंतर वाद नाही. उरला तिसरा प्रकार: परदेशी खरेदीदाराने लावलेला क्लेम, म्हणजे खराब मालापोटी मागितलेली कपात. तो माल पोहोचल्याशिवाय कळतच नाही.

डायरीतल्या जवळपास सगळ्या नोंदी या तीन दारांतून जायला लागल्या. दोन-चार अडल्या, त्या डायरीतच राहू दिल्या.

मालकी कुणाची

प्रक्रिया सुरू कुठे होते आणि संपते कुठे, यावर संचालक मंडळात एक संध्याकाळ गेली. पॅकहाऊसच्या मते कंटेनरला सील लागलं की संपली. निर्यात विभागाच्या मते खरेदीदाराचे पैसे आले की. तीन कागदवाले बागायतदार मुद्दाम बोलावले होते. ते म्हणाले, "माझ्या मोबाईलवर बँकेचा मेसेज वाजला की." एवढंच फळ्यावर लिहिलं.

मग प्रश्न: तोडणीपासून मेसेजपर्यंतच्या या सगळ्याला जबाबदार कोण? विभागप्रमुख पाच, आणि प्रत्येकाचा आपापला तुकडा वेळेत. मी सुचवलं ते पॅकहाऊसमध्ये लॉटच्या नोंदी करणाऱ्या ताईंचं नाव. बी.कॉम. झालेल्या, जवळच्याच गावच्या, आठ वर्षं तिथे. प्लॉट क्रमांक त्यांना तोंडपाठ आणि काकांचा त्यांच्यावर जीव. मंडळातले एक अप्पा म्हणाले, "तिला सही द्यायची? आमच्या वर?" मी म्हणालो, वर नाही, आडवी. म्हणजे काट्यापासून बँकेपर्यंत पट्टी कुठेही अडली तर त्या टेबलावर जाऊन विचारायचा अधिकार त्यांचा, आणि तीन दिवसांवर अडली तर चेअरमनांना थेट सांगायचा. लोकलच्या पैशांना शनिवारची सही नको, हे लेखापरीक्षकांशी बोलून ठरलं: बँकेत एकाने भरायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं, बस्स. नऊ टप्प्यांचे तीन झाले.

पट्टीचेही तुकडे केले. आधी सगळे पैसे सगळ्यात उशिरा येणाऱ्या माहितीसाठी थांबायचे. आता काट्याची पावती त्याच दिवशी मोबाईलवर, प्लॉट क्रमांकासकट. पॅकिंगचं वजन तिसऱ्या दिवशी. लोकलचे पैसे आठवड्यात. निर्यातीची उचल ठरल्याप्रमाणे, आणि अंतिम हिशोब खरेदीदाराकडून आल्यावर सात दिवसांत. सॉफ्टवेअर तेच ठेवलं, फक्त त्यातले टप्पे काढले आणि मागे यायची वाट घातली. कंपनीने खर्च केलेले पैसे वाया गेले नाहीत, याचं चेअरमनांना सगळ्यात जास्त समाधान होतं.

२०२४ चा हंगाम

परीक्षा आम्ही ठरवली नव्हती, ती लाल समुद्राने घेतली. २०२३ च्या शेवटी तिथे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. दहा-पंधरा दिवसांची भर. जुनी पद्धत असती तर सगळ्या पट्ट्या तेवढ्या मागे गेल्या असत्या. या वेळी फक्त शेवटचा तुकडा मागे गेला. ताई दर सोमवारी कुठलं जहाज कुठे आहे ते गावनिहाय ग्रुपवर टाकायच्या. केप टाऊनचं नाव आमच्या शिवारात इतकं कधी निघालं नव्हतं. फोन थांबले नाहीत, पण "पैसे कधी?" ऐवजी "जहाज कुठवर आलं?" असे यायला लागले.

मग एका कंटेनरचा क्लेम आला. देठ सुकलेले, काही पेट्यांत बुरशी. नियम स्पष्ट होता: क्लेम ज्या पॅलेटवर, त्या पॅलेटच्या प्लॉटावर. माग काढला तर प्लॉट निघाला खुद्द अप्पांचा.

अप्पा ऑफिसात आले, आवाज न चढवता बसले. "ताई, माझा माल बघितला होतास ना तू? खराब होता?" ताई म्हणाल्या, "नाही अप्पा. पण नियम तुमच्याच सहीचा आहे." कपात लागली. गावात दोन दिवस हाच विषय. संचालकाला कापलं म्हणून काहींना आनंद, आणि मलाही, कबूल करतो, थोडा झालाच. प्रक्रिया बड्या माणसालाही लागू होते, याचा नमुना म्हणून मी तो एका व्याख्यानात सांगायलाही निघालो होतो.

पण अप्पांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांनी पॅकिंगच्या दिवसाची नोंद, प्रीकूलिंगची तापमानं आणि त्याच प्लॉटाचा आधीच्या कंटेनरमधला निकाल असं सगळं ताईंकडूनच मागून घेतलं. माल उत्तम होता. पंधरा दिवस जास्तीचा प्रवास झाला होता, आणि त्यांची पॅलेट कंटेनरच्या दाराशी होती. आमच्या नियमाने जहाजाचा उशीर एका शेतकऱ्याच्या माथी मारला होता. नियम करताना आम्ही क्लेमचं कारण विचारलंच नव्हतं, फक्त जागा विचारली होती. लिहोसिनच्या यादीसारखंच: आम्ही सगळं नीट तपासलं, पण जे लिहिलं होतं तेवढंच.

जूनमध्ये नियम बदलला. मालाचा दोष असेल तर तो प्लॉटाचा; प्रवासाचा किंवा तापमानाचा असेल तर त्या कंटेनरमधल्या सगळ्यांमध्ये वजनाप्रमाणे. कारण ठरवायला पॅकहाऊसची नोंद आणि कंटेनरमधल्या तापमानमापकाचा आलेख. अप्पांची कपात परत झाली, आणि त्या कंटेनरमधल्या इतर तिघांना थोडी-थोडी लागली. त्यातला एक अजून माझ्याशी बोलत नाही.

तोडणीच्या टोळ्यांचे पैसे आम्ही हातात घेतले नव्हते. ते अजून मुकादमाच्या वहीवर चालतात आणि तिथे आमचा एकही नियम पोहोचलेला नाही. पट्ट्यांची स्थिती दाखवणारा मोठा पडदाही लावला होता, तो आठवडाभर कुणी पाहिला नाही, मग त्यावर क्रिकेट लागायला लागलं. लोक खरं पाहतात ते गेटाशेजारचा कागद: अडलेल्या पट्ट्यांचे प्लॉट क्रमांक, किती दिवस आणि कुणाकडे. ताई तो दर शनिवारी हाताने लिहून चिकटवतात.

२०२४ च्या सभेला मी गेलो होतो. तीन कागदवाले बागायतदार पुन्हा उठले. या वेळी हातात मोबाईल. सगळे सावध झाले. त्यांनी काट्याची पावती उघडून दाखवली आणि विचारलं, गेटावरच्या काट्याची पडताळणी शेवटची कधी झाली, तो शिक्का कुठाय? काकांनी ताईंकडे बघितलं, ताईंनी चेअरमनांकडे. शिक्का कुणालाच माहीत नव्हता.